बद्रीनाथचे पोपडे

ज्या दिवशी बद्रीनाथचा फोटो पेपरात आला, त्या दिवशी राजकुमार हिवराळेच्या घरी पाण्याचा दिवस होता; कित्येक दिवसांनी नळ आला होता. बायको रत्नमाला नळी ओढत टाकी, पिंप, कळशा, जे सापडेल ते भरत होती आणि राजकुमार ओट्यावर बसून चहाबरोबर पेपर चाळत होता. तिसऱ्या पानावर त्याची नजर अडकली ती अडकलीच. मुंबईत जमिनीखाली एक मेट्रो स्टेशन आहे. तिथं दोन मार्ग एकमेकांना मिळतात, माणसं एका गाडीतून उतरून दुसरी धरायला धावतात. त्या दोन मार्गांना जोडणाऱ्या लांबलचक भिंतीवर म्हणे अजिंठ्याचं चित्र उभं राहिलं होतं. आणि त्या चित्रापुढं, हातात ब्रश धरून, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावून, पिशोरचा बद्रीनाथ उभा होता.

"अहो, हे पिंप सरकवू लागा जरा," रत्नमाला म्हणाली.

राजकुमारला ऐकू आलं नाही. चहावर साय धरली तरी त्याचा हात कपाकडं गेला नाही. रत्नमालेनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि नळी खाली टाकली. "काय झालं? कोण गेलं?"

"गेलं कोणी नाय. बद्री आलाय. पेपरात."

तिनं ओल्या हातानंच पेपर घेतला. "अगं बाई, बद्री भाऊजी! लई वाळले ना पण."

"वाळलाय? चांगला फुगलाय," राजकुमार म्हणाला आणि पिंप सरकवायला उठला. ते त्यानं इतक्या जोरात सरकवलं की निम्मं पाणी अंगणात गेलं. पाण्याच्या दिवशी पाणी सांडणं म्हणजे त्या घरात केवढा मोठा गुन्हा, हे ज्याचं त्याला माहीत. पण रत्नमालेनं नळी उचलून पुन्हा पिंपात सोडली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला कुठं झोंबतं ते तिला पाठ झालं होतं.

राजकुमार पंचावन्नच्या पुढचा माणूस. संभाजीनगरात, पहाडसिंगपुऱ्यात, शहरालगतच्या लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला त्याचं घर, घरापुढं पत्र्याचं शेड आणि शेडवर पाटी: 'अजिंठा आर्ट'. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करणं हा त्याचा धंदा. विहारांसाठी, हॉटेलांसाठी, लग्नाच्या हॉलसाठी, कुणाच्या बंगल्याच्या जिन्यासाठी. मूळचा तो अजिंठा गावचा, आणि बद्रीनाथ कन्नड तालुक्यातल्या पिशोरचा. बद्रीनाथचं लहानपण मामाकडं अजिंठ्यात गेलं, आणि दोघं एकाच माणसाच्या हाताखाली शिकले. तो माणूस म्हणजे शाळेतले चित्रकलेचे धोंडिबा मास्तर.

मास्तरांची एक रीत होती आणि ती दुसऱ्या कुणाची नव्हती. लेण्यांची भिंत म्हणजे काय, तर माती, भुसा, गवत, शेण यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात आणि त्यावर चित्र. इतक्या शतकांत तो गिलावा जागोजाग निखळून पडलेला. नकला करणारे बाकीचे लोक ती जागा कोरी सोडतात, नाहीतर मनानं भरून टाकतात. मास्तर दोन्ही करू देत नसत. पडलेलं पडलेलंच काढायचं. पोपड्याची फाटकी कडा, कडेची बारीक सावली, आतली करडी माती, मातीत अडकलेला भुसासुद्धा. "पडलंय ते बी चित्रच हाय," ते म्हणायचे. नवीन आलेल्या पोरानं आधी नुसते पोपडे काढायचे. डोळे नाहीत, ओठ नाहीत, कमळ तर नाहीच. हात बसला की मग पुढं.

राजकुमारला त्या पोपड्यांचा मनस्वी कंटाळा. त्यानं ते कसेबसे उरकले आणि मास्तरांनी त्याच्या हातात बारीक ब्रश दिला. डोळे काढावेत ते त्यानंच. पापणीची एक रेघ ओढली की बोधिसत्त्व समोरच्या माणसाकडं पाहायला लागे. बद्रीनाथ मात्र तिथंच मागं पोपडे काढत बसलेला. त्यात त्याला काय गोडी वाटायची कोण जाणे. डोळे काही त्याला धड आले नाहीत, त्याची माणसं नेहमी झोपेतून उठल्यासारखी दिसायची. राजकुमारच्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली, की आपण पुढं आहोत आणि बद्री मागं. पुढची कित्येक वर्षं त्या गोष्टीच्या जिवावर तो सुखानं जेवला.

मास्तर गेले आणि दोघं धंद्याला लागले. राजकुमार शहरात आला. जालना रोडवरच्या एका हॉटेलवाल्यानं त्याचं पहिलं मोठं चित्र बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "ये फटा हुआ क्या है भाई? गिऱ्हाईक काय म्हणंल? पूरा करके दो." राजकुमारनं पुरं करून दिलं. पोपड्याच्या जागी कुठं कमळ घातलं, कुठं पडदा, कुठं दासी. हॉटेलवाला खूश, राजकुमारही खूश. त्यानंतर त्यानं पोपडा म्हणून काढला नाही. घर झालं, शेड झालं, पोरीचं लग्न झालं. बद्रीनाथ मात्र अडूनच बसला. अर्ध्या भिंतीचं चित्र कोण विकत घेणार? तो पिशोरला शेती बघायचा आणि सुगी नसली की अजिंठ्याच्या फाट्यावर, मूर्ती आणि दगड विकणाऱ्यांच्या रांगेत, आपली फाटकी चित्रं मांडून बसायचा. राजकुमार त्याला अधूनमधून काम द्यायचा. मागची पार्श्वभूमी भर, काठ रंगव, असलं. "बिचाऱ्याला तेवढाच आधार," तो रत्नमालेला सांगायचा, आणि ते सांगताना त्याला इतकं बरं वाटायचं की विचारू नका.

आणि आता हा बिचारा पेपरात. झालं होतं ते असं: मेट्रोची स्टेशनं सजवायचं काम ज्यांच्याकडं होतं, त्यांच्यातली एक बाई लेणी बघून परतताना फाट्यावर चहाला थांबली. तिनं बद्रीनाथचे पोपडे बघितले आणि चहा तसाच टाकून त्याच्यापुढं बसली. ही हकिगत पेपरात सविस्तर दिली होती. त्याच फाट्यावरून राजकुमार शेकडो वेळा गेला असेल, पण त्याच्यासाठी कुणी चहा टाकला नव्हता. वर बद्रीनं त्याला एका शब्दानं कळवलंही नव्हतं. हे त्याला जास्त लागलं.

पुढचे दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. रविवारी विहारात वंदना झाली की मंडळी मोबाइलवर त्या भिंतीचा व्हिडिओ लावून बसत. "हिवराळे, तुमचा दोस्त ना हा?" कुणीतरी विचारीच. "व्हय. माझ्याच हाताखाली होता," राजकुमार म्हणे. कामावर काठ रंगवायला होता हे खरंच होतं, त्यामुळं खोटं बोलल्याचंही पाप नाही. मग तो पुढं सांगे, की असली कामं ओळखीशिवाय मिळत नाहीत, की भुयारात धावणारी माणसं चित्रं थोडीच बघतात, की तिथं एखादा चहाचा स्टॉल टाकला असता तर जास्त उपयोग झाला असता. एवढं बोलून घरी आला की न्हाणीघरात जाऊन, दाराला कडी लावून, तोच व्हिडिओ दोन बोटांनी मोठा करकरून बघे. लांबून काढलेला, मोठा केला की सगळं धूसर व्हायचं, पण भिंत केवढी लांब होती! राजपुत्र विश्वंतराची गोष्ट होती तिच्यावर. जो येईल त्याला जे मागेल ते देत सुटलेला राजपुत्र, हत्ती दिला, रथ दिला, शेवटी पोटची लेकरंही देऊन बसला. सतरा नंबरच्या लेण्यातली ही गोष्ट राजकुमारनं स्वतः कितीदा तरी काढली होती, हॉटेलाच्या जिन्याएवढी. असली भिंत त्याला स्वप्नातही मिळाली नव्हती. त्याचा अगदी तिळपापड व्हायचा.

काम बिघडायला लागलं. एका हॉटेलसाठी पद्मपाणी बोधिसत्त्व चालला होता, त्याच्या हातातलं कमळ कोबीच्या गड्ड्यासारखं झालं. खोडलं, परत काढलं, परत कोबी. रत्नमालेनं बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

अशात एके दिवशी मोबाइलवर दुसराच एक व्हिडिओ आला. मुंबईतल्या कुण्या प्रवाशानं धावता धावता काढलेला, सगळा हलणारा. मागून त्याचा तावातावाचा आवाज. "बघा मंडळी! स्टेशन उघडून किती दिवस झाले? आणि भिंतीचे पोपडे पडायला लागले! हे आपलं काम!" आणि खरंच, भिंतीला मोठमोठी भगदाडं दिसत होती, आत माती दिसत होती, एका ठिकाणी तर गिलाव्याचा तुकडा नुसता कडेला लोंबत होता.

राजकुमारनं तो व्हिडिओ तीनदा बघितला. बद्री पोपडे काढणार हे तर त्याला माहीतच होतं. पण हे काढलेले नव्हते. हे पडले होते! जमिनीखालची ओल ती, तिथं खालचा हात कसा द्यायचा असतो हे फाट्यावर बसणाऱ्या माणसाला काय कळणार? त्या रात्री राजकुमारनं पिठल्याबरोबर एक भाकरी जास्त खाल्ली.

"उद्या मुंबईला जातो. रंग आणायचेत," त्यानं जाहीर केलं.

"रंग तर आपल्या गुलमंडीला बी मिळतात," रत्नमाला म्हणाली.

"तिथले नाय चालत."

"कोणता पाहिजे?"

"निळा."

रत्नमालेनं दशम्या बांधल्या, लसणाची चटणी दिली आणि पिशवी हातात देताना म्हणाली, "या जाऊन. बद्री भाऊजींचं पडलेलं बघून आलात की शांत झोप लागंल तुम्हाला."

राजकुमारनं पिशवी खांद्याला अडकवली. तो बाहेर पडला.

मुंबईत उतरून, विचारत विचारत, तो वरच्या मार्गाच्या मेट्रोत बसला आणि त्या स्टेशनावर उतरला. तिथून खाली जायचं होतं. सरकते जिने एकाखाली एक, खाली, आणखी खाली. वरच्या उकाड्याचं नाव नाही, गार हवा अंगावर येत होती. माणसांचा नुसता लोंढा; वरून येणारे खाली, खालून येणारे वर, आणि मधूनच बाईचा गोड आवाज सांगत होता की कुठल्या मार्गासाठी कुणीकडं वळा. कुणी कुणाच्या अंगावर पडत नव्हतं, पण कुणी थांबतही नव्हतं. राजकुमार कडेकडेनं चालला. दोन्ही मार्गांना जोडणाऱ्या बोळात तो वळला आणि उभाच राहिला.

भिंत व्हिडिओत दिसत होती त्याहून फार मोठी होती. पांढरा हत्ती निघाला होता, लोक हात पसरून उभे होते, राजपुत्र रथातून उतरत होता. डोळे तसेच, झोपेतून उठल्यासारखे. ते बघून राजकुमारला क्षणभर आधार वाटला. मग त्याची नजर पोपड्यांवर गेली. भिंतीच्या पुढं एक दोरी बांधली होती आणि दोरीला पाटी: 'चित्र खराब झाले आहे. हात लावू नये.' ती पाटी वाचून राजकुमारला कुणी पाठ थोपटल्यासारखं झालं. राजपुत्राच्या उजव्या बाजूला तर केवढं मोठं भगदाड होतं. तिथं चवरी ढाळणारी दासी असते. ती अख्खी पडली होती! गिलाव्याचा तुकडा आत्ता पडेल की मग, असा कडेला लोंबत होता, त्याची सावली खालच्या मातीवर पडली होती, मातीतून भुशाची कुसळं वर आली होती.

बद्री, अरे बद्री, तो मनात म्हणाला. त्याला हसू आवरेना. आपल्या माणसाची फजिती झाल्यावर इतकं हसू येऊ नये हेही त्याला कळत होतं, पण आलं. तो दोरीवरून वाकला आणि लोंबणारा तुकडा बोटानं दाबून बघायला गेला.

बोट सरळ घसरत गेलं.

तुकडा नव्हता. कडा नव्हती. भगदाडही नव्हतं. भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काचेसारखी सपाट होती. राजकुमारनं अख्खा पंजा फिरवला. सावली रंगाची होती, माती रंगाची होती, कुसळं एकेक करून ब्रशानं ओढलेली होती. आयुष्य ज्यानं असल्या भिंती बघण्यात घालवलं, ज्याला आठव्या-नवव्या वर्षापासून पोपडा म्हणजे काय ते शिकवलं होतं, त्याला बद्रीनाथच्या पोपड्यानं चारी मुंड्या चीत केलं होतं.

आणि दासी? दासी कुठं गेली? तो आठवायला लागला आणि त्याच्या कानशिलांतून गरम वाफ निघाली. लेण्यात दासी नव्हतीच कधी. तिथं पोपडाच होता. दासी त्यानं स्वतः घातली होती, त्या पहिल्या हॉटेलवाल्यासाठी, आणि नंतर दर वेळी तीच घालत आला होता. इतक्यांदा, की आता खरं काय तेच तो विसरून गेला होता. बद्री विसरला नव्हता.

आता त्याला जो मत्सर वाटला त्याच्यापुढं आधीचा मत्सर म्हणजे काहीच नाही. आधी बद्रीच्या नशिबाचा वाटत होता. नशीब काय, कुणाचंही उघडतं. पण आता त्याच्या हाताचा वाटला. हे मी काढलेलं का नाही?

"ओ काका! दोरीच्या आत नका जाऊ. अजून पडेल ते."

मागं स्टेशनातला एक तरुण अधिकारी उभा होता. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव विश्वजीत. राजकुमारनं हात काढून घेतला. त्याच्या नखांतला रंग त्या पोरानं बघितला. "पेंटर आहात का? कुठले?"

"संभाजीनगर. म्हणजे मूळ अजिंठ्याचाच. हीच चित्रं काढतो मी."

"काय सांगता!" विश्वजीतचा चेहरा उजळला. "मग देवासारखे भेटलात. मी इथं नवीन आलोय, आधीचे साहेब बदलून गेले. आल्यापासून ह्या भिंतीच्या तक्रारी ऐकतोय. लोक व्हिडिओ काढतात, वरून बोलणी मला. शेवटी ठरलंय, ह्याच्यावर पत्रे ठोकायचे आणि जाहिराती लावायच्या. पण त्याच्याआधी, तुम्ही हे पडलेलं भरून देऊ शकाल का? नीट, पूर्ण. तसं झालं तर पत्रे नको. शिवाय खालच्या प्लॅटफॉर्मसमोरची भिंत कोरीच आहे. तुमचं काम आवडलं तर तीही तुमचीच."

राजकुमारनं एकदा भिंतीकडं बघितलं. "ज्यानं काढलं तो काय म्हणतो?"

"तो? फोनवर म्हणतो, साहेब, ते पडलेलं नाही, तसंच काढलेलं आहे. आता मला सांगा, पडकी भिंत मुद्दाम कोण काढतं? काम बिघडलं की कुणीही असंच म्हणणार. तुम्ही ह्यातले जाणकार. तुम्हीच सांगा, हे पडलंय की काढलंय? तुम्ही सांगाल ते मी वर कळवतो."

खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ही भिंत त्याची झाली असती, खालचीही झाली असती. पेपरात त्याचा फोटो. रविवारी विहारात त्याचा व्हिडिओ. भगदाडात दासी, दुसऱ्या भगदाडात कमळ. बद्री परत पिशोरला, परत फाट्यावर, आणि राजकुमार परत पुढं. हे सगळं त्याला इतकं स्वच्छ दिसलं की त्यानं मान हलवायला घेतलीसुद्धा.

तेवढ्यात विश्वजीतनं त्याच लोंबणाऱ्या तुकड्याकडं बोट केलं. "हेच बघा ना. किती फालतू काम आहे."

"फालतू?" राजकुमारचा आवाज एवढा चढला की जाणारी दोन माणसं थबकली. "फालतू म्हणतो व्हय रे ह्याला?"

त्याला नीती-बिती काही आठवली नव्हती. मास्तर आठवले नव्हते, दोस्तीही नाही. त्याला फक्त संताप आला होता. ज्या रेघेनं आपल्याला फसवलं, आपली झोप उडवली, ती ह्या पोराच्या तोंडी फालतू? मग आपण कोण? राजकुमारनं दोरी वर केली, विश्वजीतचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा भिंतीवर टेकवला. "फिरव. फिरव हात. कुठं लागतंय का खड्डा? काढलंय हे! एकेक कुसळ काढलंय. अख्ख्या हिंदुस्थानात असा पोपडा काढणारा एकच माणूस हाय, आणि तो मी नाय!"

विश्वजीतनं हात फिरवला. परत फिरवला. मग मोठ्यानं हसला आणि बाजूच्या माणसाला म्हणाला, "तुम्ही बघा, तुम्ही बघा!" त्या माणसानं हात लावला. एका कॉलेजच्या पोरीनं लावला आणि चीत्कारली. बघता बघता बोळात गर्दी थांबली. कुणी गाल भिंतीला लावून तिरकं बघत होतं, कुणी व्हिडिओ काढत होतं. राजकुमार त्या गर्दीतून कधी बाहेर ढकलला गेला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

विश्वजीत फोनवर कुणाला तरी सांगत होता, "सर, पेंट केलंय सगळं! कमाल माणूस आहे. खालची भिंत पण त्यालाच देऊ." फोन ठेवून त्यानं राजकुमारचा हात हातात घेतला. "काका, तुमच्यामुळं वाचली भिंत. तुम्ही काय काढता?"

"हॉटेलांची कामं."

"छान, छान," विश्वजीत म्हणाला आणि गर्दीकडं वळला.

चांगलं काम केलं की मनाला बरं वाटतं, असं लोक सांगतात. राजकुमारला काडीचंही बरं वाटलं नाही. परतीच्या गाडीत त्याला दशमी गिळेना. स्वतःच्या तोंडानं बद्रीला दोन भिंती देऊन आलो, एवढंच गाडीच्या प्रत्येक धक्क्याला त्याच्या डोक्यात आपटत होतं. घरी आल्यावर निळा रंग कुठाय म्हणून रत्नमालेनं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बद्रीनाथचा फोन आला.

"राजा, तू गेला होतास का रे तिथं?"

"कोण म्हणलं?"

"साहेब म्हणला, अजिंठ्याचे कोणी काका आले होते, त्याच्यावर ओरडले. ओरडले म्हणल्यावर मी वळखलं." बद्री हसला. "पत्रे ठोकणार होते रे. दोन हप्ते जेवण गोड लागलं नव्हतं. आता खालची बी भिंत दिली. एकट्याच्यानं व्हायची नाय ती. तू ये. डोळे, बोटं, सगळी माणसं तुझी. मला नाय येत ते, तुला माहीत हाय."

राजकुमारनं शेडात उभ्या असलेल्या पद्मपाणीकडं बघितलं. "माणसं नको मला."

"मग?"

"पोपडे मी काढतो."

फोन कटला की काय म्हणून राजकुमारनं कानावरून काढून बघितला.

"पोपडे?" बद्रीनाथ म्हणाला. "राजा, तुझा हात राहिलाय का रे त्याला?"

टोमणा असता तर राजकुमारनं चार शिव्या देऊन परत केला असता. पण तो टोमणा नव्हता. आजारातून उठलेल्या माणसाला, झेपंल ना रे चालायला, असं विचारावं तसं बद्रीनं खरंच विचारलं होतं. राजकुमारनं फोन ठेवून दिला.

तो उठला, हॉटेलचा पद्मपाणी भिंतीकडं तोंड करून उभा केला आणि प्लायवूडचा एक तुकडा शोधून समोर ठेवला. खाली पांढरा हात दिला, तो सुकू दिला, त्यावर गेरूचा पट्टा ओढला आणि मधोमध तळहाताएवढा पोपडा काढायला घेतला. कडा फाटकी व्हायला पाहिजे होती, ती गोल गोल होत होती. सावली जाड पडत होती. कुसळं उगवल्यासारखी दिसत होती. ऊन शेडाच्या ह्या खांबावरून त्या खांबावर गेलं तरी तो मान मोडून बसला होता.

रत्नमाला चहा घेऊन आली आणि मागं उभी राहिली. नवऱ्याच्या कामाबद्दल ती सहसा बोलायची नाही, पण विचारलं तर खोटंही सांगायची नाही.

"पडल्यावानी वाटतंय का?" राजकुमारनं वर न बघता विचारलं.

तिनं वाकून बघितलं. एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"नाय," ती म्हणाली. "काढल्यावानी वाटतंय."

राजकुमारनं मान हलवली, ओलं फडकं घेतलं, सगळं पुसून टाकलं आणि पुन्हा पहिल्या कडेपासून सुरुवात केली.